माळ्यावर ठेवणं म्हणजे जपणं नव्हे

आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. इमारत १९८४ सालची, तीन मजले, अठरा घरं, लिफ्ट नाही. करारावर सह्या झाल्या आणि चार महिन्यांत घरं रिकामी करून द्यायची ठरलं. त्या दिवशीच्या सर्वसाधारण सभेत भाडं, पार्किंग, वाढीव जागा हे विषय अर्ध्या तासात आटोपले. सभा अडली ती सामानावर. तिशी-चाळिशीतली मंडळी म्हणाली, बरं झालं, या निमित्तानं एकदाचं सगळं टाकून द्या. सत्तरीतले म्हणाले, टाका म्हणायला काय जातं, पोटाला चिमटा काढून जमवलंय आम्ही. एकीनं पसारा आवरायला शिकवणाऱ्या जपानच्या मारी कोंडोचं नाव घेतलं, एका काकांनी बहात्तरच्या दुष्काळाचं. आवाज चढले. एक आजी डोळे पुसत उठून गेल्या. गेली काही वर्षं हाच वाद मी घरोघरी ऐकते आहे. दिवाळीच्या साफसफाईत ऐकते, आईवडिलांचं घर आवरताना ऐकते, परदेशातल्या मुलांनी फोनवर दिलेल्या सूचनांमध्ये ऐकते. आणि दर वेळी वाटतं, प्रश्न एवढा मोलाचा, आणि आपण भांडतो आहोत भलत्याच गोष्टीवरून.

चूक दोन्हीकडची आहे आणि ती एकच आहे. ‘टाका’ म्हणणारे विचारतात, ही वस्तू पाहून तुला आनंद होतो का, ती गेली तर मन हलकं होईल का. ‘असू द्या’ म्हणणारे विचारतात, हिच्यासाठी मी किती खस्ता खाल्ल्या, आणि उद्या मला लागली तर? दोन्ही प्रश्न मालकाच्या मनाचे आहेत. वस्तू इथून उठली तर जाईल कुठे, पडेल कोणाच्या हाती, आणि तोवर ती कामाची राहील का, हे कोणीच विचारत नाही. माझं म्हणणं असं, की वापरात नसलेली चांगली वस्तू माळ्यावर ठेवणं म्हणजे सावकाश चाललेली नासाडी आहे. तिला काटकसर म्हणता येणार नाही. आणि तीच वस्तू कचऱ्याच्या गाडीत ढकलणं म्हणजे एका दिवसात उरकलेली नासाडी. वस्तू सोडायची म्हणजे ती धड असताना पुढच्या हाती पोचवायची. धुणं-भांडी-केरवाऱ्यासारखं ते घरातलं एक काम आहे. थोडं थोडं करत राहिलं तर होतं, नाहीतर तुंबतं.

आधी ‘असू द्या’वाल्यांचं जे खरं आहे ते मान्य करते, कारण ते पुष्कळ आहे. ज्यांनी १९७२ मध्ये सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले, दुष्काळी कामावर खडी फोडली, त्यांच्या हातून वस्तू सुटत नाही म्हणून त्यांच्यात मनाचा आजार शोधणं हा उद्धटपणा आहे. रेशनचं रॉकेल, स्कूटरसाठी वर्षानुवर्षं लावलेला नंबर, गॅसची आणि टेलिफोनची प्रतीक्षायादी, अशा काळात दोरीचा तुकडा, वाकडा खिळा, रिकामा डबा सांभाळणं हेच शहाणपण होतं. आजही ‘लागलं तर परत घेऊ’ हे वाक्य ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच परवडतं. महिनाअखेर कशीबशी गाठणाऱ्या घरात थोरल्याची सायकल, आधीच्या बाळाचा पाळणा, दुरुस्त होऊ शकणारा मिक्सर हीच बचत असते. मोजक्या वस्तूंचं सुंदर, मोकळं घर बऱ्याचदा त्याचंच असतं ज्याला हवं ते तासाभरात दारात मिळतं. त्या घराचा माळा दुकानदाराकडे असतो, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. मागच्या पिढीतल्या किती बायकांच्या नावावर घर होतं? जमीन होती? त्यांचं नाव कोरलेलं सापडतं ते भांड्यांवर. माझ्या मावशीकडे पितळेचं एक मोठं पातेलं होतं, पंधरा-वीस माणसांचा भात सहज शिजेल असं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव, लग्नाचं साल, आणि खाली ‘मामांकडून’. चिंचेनं घासून घासून ठिपके इतके झिजले होते की बोटानं चाचपून वाचावे लागत. दारावरच्या पाटीवर, वीजबिलावर, घराच्या कागदांवर तिचं नाव कुठेच नव्हतं. असं पातेलं ‘जागा अडवतंय, काढून टाक’ म्हणणाऱ्याला आपण नेमकं काय काढून टाकायला सांगतो आहोत याची जाण हवी. सभेतून उठून गेलेल्या आजींकडे कोणी मूर्ख म्हणून पाहिलं असेल, तर त्यानं हा विचार केलेला नाही.

एवढं सगळं मानूनही मी ‘असू द्या’च्या बाजूला उभी राहत नाही. त्याला कारण आमच्याच माळ्यावरचा एक वॉकर.

२००९ मध्ये सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. वॉकर आणला, कमोडची खुर्ची आणली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली. वर्षभरात त्या हिंडूफिरू लागल्या. सामान पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर गेलं. मीच ठेवलं. ‘असू दे, कोणाला तरी लागेल’ असं म्हणूनच ठेवलं. परवा माळा उतरवला तेव्हा खुर्चीचे पाय गंजानं पोखरलेले होते. गादीच्या घड्या एकमेकींना चिकटून तिचा गठ्ठा झाला होता. वॉकर अ‍ॅल्युमिनियमचा म्हणून टिकला होता, पण खालच्या रबरी टोप्यांना हात लावताच भुगा झाला. ‘कोणाला तरी लागेल’ हे तर अगदी खरं ठरलं होतं. मधल्या वर्षांत आमच्याच अठरा घरांत चौघांची हाडं मोडली आणि चौघांनी नवे वॉकर विकत आणले. पहिल्या मजल्यावरच्या काकांचा वॉकर यायला दोन दिवस लागले. तोवर त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघा-तिघांनी उचलून न्हाणीघरापर्यंत नेलं, त्यात माझाही हात होता. वॉकर आमच्या घरात होता आणि मला तो आठवलाही नाही. मी म्हणत होते, जपून ठेवलाय. खरं म्हणजे मी तो लपवला होता, आणि स्वतःपासूनसुद्धा लपवला होता.

‘लागेल कधीतरी’ यातल्या ‘कधीतरी’ला मुदत असते, ती आपण पाहत नाही. शाळेचं पुस्तक पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या मुलाच्या दप्तरात गेलं तर ते पुस्तक. अभ्यासक्रम बदलला की तेच पुस्तक रद्दी. स्वेटर या थंडीत कोणाच्या अंगावर चढला तर ऊब, दहा वर्षं ट्रंकेत राहिला तर कसरीचं खाद्य. घड्याळातला, खेळण्यातला सेल आतच फुटून पाझरतो आणि पितळी पट्ट्या खातो. फोमची उशी पिठासारखी झडते. वाण्याच्या पुड्यावर छापलेली तारीख आपण चष्मा लावून वाचतो. कपाटातल्या वस्तूंवर ती छापलेली नसते म्हणून ती नसतेच असं धरून चालतो.

आणि बहात्तरच्या दुष्काळाची साक्ष काढणाऱ्यांना मला मनापासून विचारायचं आहे: तेव्हा तुमच्या घरात माळा भरलेला होता का? दोरीचा तुकडा जपला, कारण आठ दिवसांत तो कशाला तरी बांधला जात होता. लुगडं फाटलं की त्याचं दंड घातलेलं लुगडं होई, मग परकर, मग दुपटी, मग गोधडीतला पदर, मग पायपुसणं, आणि शेवटी चुलीपाशी भांडं उतरवायची चिंधी. ते जपणं म्हणजे वापरणं होतं. खऱ्या टंचाईत अडगळ साठत नाही, कारण वस्तूला पडून राहायला सवडच मिळत नाही. आजचा माळा त्या पिढीच्या काटकसरीचा वारस नाही. तो भरला सुबत्तेनं, आणि त्याला नाव दिलं दुष्काळाचं.

इथे जागेचा हिशेबही करायला हवा. चौरस फुटाला पंधरा हजार रुपये दर धरला आणि न लागणाऱ्या सामानानं वीस चौरस फूट अडवले असले, तर तीन लाख रुपयांची जागा आपण गंजलेल्या कूलरला आणि रिकाम्या खोक्यांना राहायला दिली आहे. ती झाडायची, पुसायची, दिवाळीला उतरवून परत चढवायची कोणी? बहुतेक घरांत घरातल्या बाईनं, नाहीतर पगारी बाईनं. ठेवायचा निर्णय एकाचा आणि पाठ दुखायची दुसरीची, असं हे वर्षानुवर्षं चालतं.

‘असू द्या’च्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला एका निवृत्त शिक्षकांनी सांगितला. ते म्हणाले, सगळ्यांनीच जुनं देऊन टाकलं असतं तर इतिहास उरला असता का? पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. तिथले अडकित्ते, दिवे, शाईच्या दौती, फणीकरंड्याच्या पेट्या, वज्री, हे सगळं कोणाच्या तरी घरातली अडगळच होती ना? मुद्दा मोठा आहे. मी दोन दिवस त्यावर विचार करत होते. पण दिनकर केळकरांनी नेमकं केलं काय? त्यांनी या वस्तू लोकांच्या फडताळांतून, माळ्यांवरून, जुन्या बाजारातून बाहेर काढल्या. साधारण १९२० पासून ते देशभर हिंडले, हजारो वस्तू निवडल्या, लावल्या, अकाली गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं, आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू. आज शाळेची मुलं तो अडकित्ता पाहतात, कारण कोणा एका घरानं तो सोडला आणि केळकरांनीही तो सोडला. इतिहासाचार्य राजवाड्यांचंही तेच. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. गावोगावच्या वाड्यांत जाऊन दफ्तरं मिळवायला त्यांना किती जोडे झिजवावे लागले! ज्यांनी दफ्तरं बांधलेले रुमाल सोडून कागद हाती दिले त्यांचे पूर्वज इतिहासात आले. ‘आमच्या घराण्याचं आहे, असू दे’ म्हणून ज्यांनी पेटाऱ्यात ठेवलं, त्यांचं बरंचसं वाळवीनं खाल्लं. माळ्यानं इतिहास राखला नाही. माळ्यावरून वेळेत खाली आलेल्या कागदांनी तो राखला.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते. ‘टाका आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांचंही काही खरं आहे. पसाऱ्यात माणूस चिडचिडा होतो, सापडत नाही म्हणून दुसऱ्यांदा विकत आणतो, पाहुणा आला की लाजतो. आणि ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे वाटेतलं खोकं म्हणजे पडायचं निमित्त. हे सगळं मान्य. पण ‘टाका’ हे क्रियापद मराठीत आपण फार सैल वापरायला लागलो आहोत. टाकायचं म्हणजे कुठे?

मुंबईचं उत्तर १९२७ पासून अनेक दशकं देवनार होतं. २०१६ च्या जानेवारीत तिथल्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली आणि धूर दिवसचे दिवस शिवाजीनगर-गोवंडीच्या लेकरांच्या छातीत गेला. पुण्याचं उत्तर वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी होतं. तिथल्या गावकऱ्यांनी आमच्या शहराच्या गाड्या किती वेळा अडवल्या, किती आंदोलनं केली; त्यांच्या विहिरींचं पाणी कसं झालं ते त्यांनाच विचारावं. आमचं मन हलकं होतं तेव्हा कोणाचं तरी शिवार जड होतं. आणि शिवारात पोचायच्या आधी ते सगळं दोन हातांखालून जातं. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, तेव्हा कुठे त्या हातांना ओळखपत्र मिळालं, आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. आमच्याकडे येणाऱ्या स्वच्छच्या ताई एकदा मला म्हणाल्या, “ताई, फुटलेली काच कागदात बांधून वर ‘काच’ लिहा, बाकी आम्ही बघतो.” त्यांच्या तळहातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत शिवल्याची खूण होती. अठरा घरांचा माळा एका आठवड्यात जिन्याखाली ओतायचा म्हणजे त्या हातांवर ओतायचा.

मारी कोंडोची पद्धत जपानमधून आली. ती जिथून आली तिथली बाकीची व्यवस्था मात्र आपण आणली नाही. तिथे कपाटासारखी मोठी वस्तू टाकायची तर नगरपालिकेला आधी कळवावं लागतं, पैसे भरून चिकटवायची पावती घ्यावी लागते, ठरल्या दिवशीच ती बाहेर ठेवावी लागते. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यांच्या पुनर्प्रक्रियेचा खर्च २००१ पासून कायद्यानं वापरणाऱ्याच्या खिशातून जातो. त्याच भाषेत ‘मोत्ताइनाई’ असाही एक शब्द आहे. आपली आजी ताटात भात उरला की ज्या सुरात ‘अगं, वाया गेलं’ म्हणायची तो सूर त्यात आहे. नोबेल मिळालेल्या केनियाच्या वांगारी माथाई २००५ मध्ये जपानला गेल्या आणि तिथून त्यांनी उचलला तो हाच शब्द, जगभर सांगत फिरल्या. आपण उचललं ते फक्त टाकणं.

काही जण यावर अपरिग्रहाचा दाखला देतात. साठवू नये हे आपल्या परंपरेतच आहे, जैनांच्या व्रतांत आहे, योगसूत्रांत आहे, असं म्हणतात. आहेच. पण गांधीजींनी १९३० मध्ये आमच्याच येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना या व्रतांवर पत्रं लिहिली, त्यात या व्रताचं कारण काय दिलं? मनाला हलकं वाटतं हे नव्हे. श्रीमंताघरी न लागणाऱ्या वस्तू पडून नासतात आणि त्याच वस्तूंवाचून लाखो लोक हाल काढतात, हे कारण त्यांनी दिलं. गरज नसताना वस्तू घेणं याला त्यांनी चोरीतच धरलं. व्रत आपल्यासाठी असलं तरी त्याचं तोंड दुसऱ्याकडे आहे. तुकोबांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. वडिलांच्या सावकारीची खतं त्यांनी इंद्रायणीत सोडली. ती नुसती बुडवली असती तर कागद गेले एवढंच झालं असतं. त्या दिवशी देहूच्या आसपासची किती कुळं कर्जातून सुटली, म्हणून ते सोडणं आपण चारशे वर्षांनीही सांगतो. आणि भावाच्या वाट्याची खतं त्यांनी भावाला आधी दिली, हेही परंपरा सांगते. दुसऱ्याचं आहे ते आपल्या वैराग्याच्या भरात टाकायचं नसतं. आईवडिलांचं घर आवरायला आलेल्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवलं तर निम्मी भांडणं होणार नाहीत.

मग जुन्या घरात हे कसं जमत होतं? मला वाटतं त्याचं उत्तर एका शब्दात आहे: मोड. ‘मोडीत काढणं’ आपण आता मारूनमुटकून बंद करण्याच्या अर्थानं वापरतो. मूळ व्यवहार कासाराच्या दुकानातला आहे. तांब्या-पितळेचं भांडं चिरलं, गळायला लागलं की ते तोलून मोडीत द्यायचं, त्याच्या मोडीची किंमत नव्या भांड्यात वळती व्हायची. तांबट आळीत ते वितळून पुन्हा ठोकलं जायचं. म्हणजे घरात शिरताना त्या वस्तूला बाहेर जायची वाट असायची, आणि ती वाट सन्मानाची असायची. सुती कपड्याला बोहारीण होती. दारात बसून ती पदर उलटसुलट करून बघायची, एका चहाच्या गाळणीवरून अर्धा तास घासाघीस व्हायची. कागदाला रद्दीवाला, बाटल्यांना बाटलीवाला, लाकडाला बंब. गावच्या देवळात तर पन्नास-शंभर माणसांच्या जेवणाची भांडी असत, देणाऱ्याचं नाव कोरलेली. लग्नकार्याला ती न्यायची, घासूनपुसून परत आणायची. प्रत्येक घरानं स्वतःचे तीस डिनर सेट घ्यायची वेळच येत नसे.

आज आपण घरात आणतो त्यातल्या कशाला मोड आहे? भुशाच्या पार्टिकल बोर्डचं कपाट एकदा खोलून दुसऱ्या घरात जोडलं की स्क्रू धरत नाही. पॉलिएस्टरची साडी गोधडीत घातली तर घाम शोषत नाही, बोहारीणही ती बाजूला सारते. मेलामाइनची ताटं, फायबरची खुर्ची, सोफ्यातला फोम, रिटर्न गिफ्टमध्ये आलेला प्लास्टिकचा गणपती, यांना भंगारवाला हात लावत नाही. ई-कचऱ्यासाठी २०११ मध्ये नियम झाले, उत्पादकावर जबाबदारी टाकली गेली, २०२२ मध्ये ते नव्यानं आले. तरी आमच्या इमारतीत मी विचारत फिरले तेव्हा जुना मोबाइल रीतसर परत दिलेलं एकच घर सापडलं. अडगळ वाढली ती लोक लोभी झाले म्हणून, असं मला वाटत नाही. वस्तूंच्या बाहेर जायच्या वाटा बुजल्या आणि आत यायच्या वाटा रुंद झाल्या. म्हणून दुकानात उभं असताना विचारायचा प्रश्न आनंदाचा नाही. प्रश्न हा, की याला मोड आहे का? नसेल, तर हे माझ्यानंतर कोणाच्या गळ्यात पडणार आहे?

जुन्या व्यवस्थेचे मी गोडवे गाते आहे असं कोणी म्हणेल, आणि त्यात एक खरी बोच आहे. त्या व्यवस्थेत वस्तू नेहमी वरून खाली जायची. फाटकं, विटकं, शिळं ज्यांना दिलं जायचं ते ठरलेले होते, आणि त्यांनी ते मान खाली घालून घ्यायचं हेही ठरलेलं होतं. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना फेकलेल्या तुकड्यांवरचं जगणं आणि मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, डिसेंबरच्या परिषदेत बायकांना स्वच्छ, नीटनेटकं नेसायला सांगितलं. तो सगळा उपदेश म्हणजे आपल्या दातृत्वाचा पंचनामाच होता. आपण शिकलो का? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. सर्वस्व गेलेल्या कोळ्यांनीही ते घेतले नाहीत. ‘गूंज’ या संस्थेनं ते कपडे उचलले, निवडले, कामाचे केले. त्या संस्थेच्या अंशू गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं कपड्यांचं काम मोबदल्याच्या तत्त्वावर चालतं: गाव आपली विहीर, रस्ता, बांध श्रमानं करतं आणि कपडे कमावून घेतं. घेणाऱ्याचा हात तिथे वर असतो.

नको असलेलं टांगून ठेवायचं आणि लागेल त्यानं न्यायचं, अशा आपल्याकडच्या ‘माणुसकीच्या भिंती’ कशा कोमेजल्या ते यावरून कळतं. इराणमधल्या मशहदमध्ये २०१५ च्या हिवाळ्यात अशी भिंत झाली, वर्षभरात महाराष्ट्रातल्या शहराशहरांत झाली. आमच्या भागातल्या भिंतीवर पहिल्या महिन्यात इस्त्रीचे शर्ट टांगलेले मी पाहिले आहेत. सहाव्या महिन्यात खाली उसवलेल्या उशा आणि एका पायातली चप्पल होती. निवडणारं कोणी नव्हतं, आणि देणाऱ्यांनी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला नव्हता: हे मी उद्या अंगावर घालीन का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते दान म्हणून द्यायचंच नाही. त्याची पुसणी करावी, भंगारात द्यावं, स्वच्छच्या ताईंना वेगळं बांधून द्यावं.

शेवटचा आक्षेप तरुणांचा, आणि तो प्रामाणिक आहे: एवढं निवडायला, पोचवायला वेळ कोणाकडे आहे? दोन आठवड्यांची रजा काढून अमेरिकेहून आलेल्या मुलीनं आईच्या मागे राहिलेल्या पन्नास वर्षांच्या संसाराचं काय करावं? तिच्यापुढे खरंच दुसरा इलाज नसतो. एकगठ्ठा उचलणाऱ्याला बोलवायचं आणि पाठ फिरवून उभं राहायचं. मी तिला दोष देत नाही. मी दोष देते तो आपल्याला, साठी ओलांडलेल्यांना, जे हे काम तिच्या रजेवर ढकलतो. आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे: निरवानिरव. हातीपायी धड असताना, कोणतं कोणाला हे स्वतःच्या तोंडानं सांगून, स्वतःच्या हातानं देऊन मोकळं होणं.

माझ्या मावशीनं ती केली. ऐंशी पूर्ण झाल्यावर एका वहीत तिनं यादी केली, दर रविवारी एकेक वस्तू काढायला लावली. साड्या कोणाकोणाला, शिवणयंत्र समोरच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या मुलीला, पाटा-वरवंटा भाचीला. पितळेचं पातेलं वहीत शेवटपर्यंत कोरं होतं. तिला मोडीत द्यायचं नव्हतं, आणि आमच्या कोणाच्याच शेगडीवर ते बसत नव्हतं. मग एका एकादशीला तीच म्हणाली, विठ्ठलाच्या देवळात द्या. आता तिथे दर द्वादशीला त्यात भात शिजतो. काठाखाली तिचं नाव आहे, आणि घासणाऱ्या बायका ते बोटानं चाचपून वाचतात.

आमच्या सभेत मी ठराव मांडला: नव्या इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीच्या कार्यालयाला लागून एक खोली, रुग्णसामान, शिडी, ड्रिल मशीन, मोठी भांडी, पाहुण्यांच्या गाद्या हे अठरा घरांत मिळून एकेक. नकाशात बसेल का ते वास्तुविशारद बघणार आहेत. तीन घरांचा विरोध आहे, आणि हरवलं तर भरून कोण देणार हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यावर पुढच्या सभेत बोलायचं आहे.

तोवर मी वॉकरच्या चारही टोप्या बदलून घेतल्या आणि तो जवळच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात नेऊन दिला. तिथल्या काकांनी दोन्ही दांड्यांवर भार टाकून पाहिला, पायांची उंची खालीवर केली, रजिस्टरमध्ये क्रमांक घातला आणि तो भिंतीशी उभा केला. काल त्या बाजूला गेले होते, म्हणून आत डोकावले. भिंतीपाशी तो नव्हता.